संपाच्या दिवशी, जेनोआत

त्या शुक्रवारी एकही बस सुटणार नव्हती,
आणि बाबा, ज्यांनी ती सोडायची,
सहालाच दाढी करून स्वयंपाकघरात उभे,
हातांचं काय करायचं ते न कळून.

ओट्यापाशी अडगळ नको, आई म्हणाली,
चला, आज शहर बघू.
शहर? मी रोज बघतो.
तुम्ही आरसा बघता, इलारिओ,
असं म्हणून तिनं माझ्या बुटांच्या नाड्या आवळल्या.

कोपऱ्यावर फोकाच्चा घेतली,
तेलानं कागद आरपार दिसणारा.
ती कॉफीत बुडवून खायची, ही आमच्याकडची रीत,
मिलानच्या मामीला अजून न पचलेली.
ग्वाल्तिएरोनं मीठ तेवढं चाटलं
आणि उरलेला तुकडा माझ्या खिशात घातला.

बाबा चालत होते, पण थांब्याथांब्यानं.
कारंज्याच्या चौकात थबकले,
मनात दहा मोजले
आणि निघाले, जणू दारं मिटली.
तोंडानं फुस्स केलं त्यांनी.
आई म्हणते नाही केलं. मी ऐकलंय.

मग शिरलो बस न शिरणाऱ्या गल्ल्यांत.
हात पसरले की दोन्हीकडची घरं बोटांना लागतात,
वर आभाळाची चिंधी,
तिच्याखाली कुणाची तरी गुलाबी चादर.
मासळीवाला कालचा बर्फ दगडांवर ओतत होता,
एक्वाडोरची एक बाई फोनवर
कुणाला तरी रडू नको म्हणत होती, स्वतः रडत.
बाबा तीनदा चुकले.
बावीस वर्षांत एक वळण न चुकलेला माणूस
छत्र्या विकणाऱ्या पोराला विचारत होता,
बंदर कुठल्या अंगाला?
उताराला लागा, तो म्हणाला, पाणी जातं तसे.

फरिनाताच्या दुकानाबाहेर ही रांग.
हरभऱ्याच्या पिठाचा वास, लाकडाचा धूर,
आणि आमच्यामागे पिशवीतून कांद्याची पात डोकावणारी
एक म्हातारी, बाबांना निरखत.
तुम्हाला पाहिलंय कुठंतरी.
खाटीक? नाही. चर्चच्या बँडमध्ये तुतारी?
बाबा नुसते हसले
आणि पाळी आली म्हणून पाठ वळवली.

अगो बाई! ही मान!
ही तर माझी सात-चाळीसची मान!
सगळी रांग वळून बाबांच्या कॉलरकडे बघू लागली.
सहा वर्षं हिच्यामागे बसलो आम्ही दोघं,
सोम-बुध-शुक्र, डायलिसिसला.
इस्पितळाच्या वळणावर तुम्ही गाडी हळू घ्यायचात.
ते म्हणायचे, याला कळतं गं.

बाबांनी लगेच वळून पाहिलं नाही.
सुट्टे पैसे मोजले, पुन्हा मोजले.
मग विचारलं, आता ते?
मार्चमध्ये गेले, ती म्हणाली,
आणि मला मिऱ्यांचा जास्त, कडेचा तुकडा द्या, हं.

वर कास्तेल्लेत्तोला जायची लिफ्टही बंद,
बाबांच्याच युनियनची.
पाटी वाचून आई म्हणाली,
चढा आता आपल्या मागण्या.

पायऱ्या, विटांच्या, मांजरांच्या, संपेचनात.
ग्वाल्तिएरो बाबांच्या खांद्यावर.
त्याला त्यांच्या केसांखाली एक तीळ सापडला.
त्यानं तो दाबला आणि ओरडला, टिंग!
बाबा जिथल्या तिथं उभे.
पुन्हा टिंग, की पुन्हा चालू.
असे किती थांबे झाले कोण जाणे.
शेवटचे दोन त्याच्या झोपेतले.

वरून सगळं दिसत होतं,
पाटीच्या दगडाची करडी छपरं, बंदरातल्या क्रेन,
दीपस्तंभ, आणि घरांमधून गेलेली
ती एक रेघ, बाबांचा रस्ता.
एवढाच? ते म्हणाले.
आईनं झोपलेल्याला त्यांच्याकडून घेतलं.

ते कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले.
मी मागेच होते.
न्हाव्यानं अर्धवट सोडलेले केस,
कॉलरच्या वर उन्हाची तपकिरी रेघ,
रेघेखाली पांढरं, लहान मुलासारखं.
नऊ वर्षांची होते मी.
आमच्या घरात हे कुणी पाहिलंच नव्हतं.